बाजारपेठेतून शिल्पोद्यानाकडे : रेमंड नॅशर यांच्या दानाचा इतिहास

संपत्ती मिळविणे हे कष्टाचे काम आहे, ती टिकविणे हे शहाणपणाचे आणि योग्य वेळी ती समाजाच्या हाती सोपविणे हे मोठ्या मनाचे. पहिल्या दोन गोष्टी साधलेली माणसे प्रत्येक गावात आढळतात. तिसरी गोष्ट साधणारी मोजकीच असतात. त्यातही रोख रक्कम देणे त्या मानाने सोपे. परंतु आयुष्यभर हौसेने, पारखून, एकेक करून जमविलेल्या वस्तू देणे फार अवघड. त्या वस्तूंत केवळ पैसा नसतो. घरातील माणसांच्या आठवणी, प्रवास, पतिपत्नींचे एकत्र घालविलेले दिवस हे सारे त्यांत मिसळलेले असते. अशा वस्तू घराच्या चार भिंतींतून काढून सर्वांसाठी खुल्या करणाऱ्या दात्यांमध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या डॅलस शहरातील व्यावसायिक रेमंड नॅशर यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या दानातून त्या शहराच्या मध्यभागी २००३ साली एक शिल्पोद्यान उभे राहिले. एका व्यापाऱ्याने हे काम कसे केले, त्यासाठी किती वर्षे वाट पाहिली आणि त्याच्या पश्चात त्या उद्यानावर कोणते संकट आले, हा इतिहास व्यापारी व विश्वस्त या दोन्ही नात्यांनी विचार करण्याजोगा आहे.

शिल्पोद्यानाची कल्पना

राजवाड्यांच्या व श्रीमंतांच्या बागांतून पुतळे ठेवण्याची प्रथा जगात फार जुनी आहे. परंतु आधुनिक शिल्पकारांच्या कृती मोकळ्या आकाशाखाली, झाडांच्या सावलीत मांडून सामान्य जनतेस पाहू देणारी सार्वजनिक उद्याने ही प्रामुख्याने विसाव्या शतकाची देणगी होय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९३९ साली आपल्या नव्या इमारतीसोबत अशी बाग खुली केली. १९५३ साली तिची पुनर्रचना झाली आणि संग्रहालयाच्या एक संस्थापिका ॲबी रॉकफेलर यांचे नाव तिला देण्यात आले. नेदरलँड्समध्ये हेलेन क्रोलर-म्युलर या विदुषीने जमविलेला संग्रह १९३५ साली राष्ट्रास अर्पण झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या संग्रहालयाभोवती १९६१ साली विस्तीर्ण शिल्पोद्यान आकारास आले.

अमेरिकेच्या राजधानीतील हर्शहॉर्न संग्रहालयाची कथा याहून वेगळी आहे. जोसेफ हर्शहॉर्न हे लाटव्हियातून लहानपणी आईसोबत अमेरिकेत आलेले, गरिबीत वाढलेले गृहस्थ. शेअरबाजारात व पुढे कॅनडातील युरेनियमच्या खाणींत त्यांनी अमाप पैसा मिळविला. १९६६ साली त्यांनी सुमारे सहा हजार कलाकृती राष्ट्रास दिल्या. त्यासाठी तेथील संसदेने कायदा केला आणि १९७४ साली वॉशिंग्टनमध्ये संग्रहालय व शिल्पोद्यान उघडले. परंतु राष्ट्रीय भूमीवरील संस्थेस एका खाजगी व्यक्तीचे नाव द्यावे काय, यावर त्या वेळी मोठा वाद माजला. दान स्वीकारणाऱ्यालाही प्रश्न पडतात आणि देणाऱ्यालाही उत्तरे द्यावी लागतात, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

दात्यासमोर अशा वेळी साधारणतः दोन मार्ग असतात. आपला संग्रह सरकारच्या किंवा एखाद्या मोठ्या प्रस्थापित संस्थेच्या स्वाधीन करावा, हा एक. स्वतःचा न्यास स्थापून, स्वतःच्या खर्चाने वास्तू उभारून ती जनतेस खुली करावी, हा दुसरा. हर्शहॉर्न यांनी पहिला मार्ग पत्करला. नॅशर यांनी पुष्कळ विचारान्ती दुसरा निवडला.

बॉस्टन ते डॅलस

रेमंड नॅशर यांचा जन्म १९२१ साली बॉस्टन येथे झाला. वडील रशियातून स्थलांतर करून आलेले व तयार कपड्यांच्या उद्योगात काम करणारे होते. रेमंड हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. घरची स्थिती बेताची असली तरी मुलाला कलेची गोडी लागावी म्हणून आईवडील त्यास नियमितपणे संग्रहालये दाखवावयास नेत. बालवयात डोळ्यांवर झालेला हा संस्कार पुढे उपयोगी पडला. ड्यूक विद्यापीठातून १९४३ साली पदवी घेतल्यावर त्यांनी महायुद्धाच्या काळात नौदलात सेवा केली आणि त्यानंतर बॉस्टन विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेतले. पॅट्सी राबिनोविट्झ या डॅलसच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला आणि १९५० च्या सुमारास हे दांपत्य डॅलसला स्थायिक झाले. त्यांना तीन मुली झाल्या.

डॅलस हे मुळात कापसाच्या व्यापारावर वाढलेले शहर. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या अंतर्भागातील मोठ्या कापूस बाजारांत त्याची गणना होत असे. पुढे तेल, विमा व बँकिंग यांनी शहरास श्रीमंत केले. तरीही न्यूयॉर्क किंवा बॉस्टनच्या मानाने ते सांस्कृतिकदृष्ट्या मागासलेले समजले जाई. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या याच शहरात झाली आणि त्या घटनेचा डाग शहराच्या नावावर दीर्घकाळ राहिला. अशा शहरात येऊन नॅशर यांनी जमिनी व बांधकामांच्या व्यवसायात जम बसविला.

कापसाच्या शेतातील बाजारपेठ

१९६५ साली नॅशर यांनी शहराच्या उत्तर भागात नॉर्थपार्क सेंटर हे भव्य व्यापारी संकुल सुरू केले. ही जागा त्यापूर्वी कापसाचे शेत होती. शेतमालकाच्या कुटुंबाकडून ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आली. नीमन मार्कस हे त्या शहरातील नामांकित वस्त्रदालन, तसेच इतर मोठी दुकाने एका वातानुकूलित छपराखाली आली. डॅलसच्या कडक उन्हाळ्यात गारव्यात फिरत खरेदी करण्याची सोय ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती आणि तेवढ्यावरच हे संकुल चालले असते.

नॅशर यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी बाजारपेठेकडे केवळ गल्ल्याच्या नजरेने पाहिले नाही. संकुलाची रचना त्यांनी एखाद्या संग्रहालयाला शोभेल अशी करविली. पांढऱ्या विटांच्या साध्या भिंती, घोटीव काँक्रीटची जमीन, मधोमध कारंजी व हिरवी रोपे अशी ती मांडणी होती. प्रत्येक दुकानदाराने आपापल्या मनाप्रमाणे पाट्या व दर्शनी भाग रंगवून गोंधळ करू नये यासाठी शिस्त घालून दिली. आणि पुढे दुकानांच्या मधल्या मोकळ्या जागांत त्यांनी स्वतःच्या संग्रहातील शिल्पे आणून ठेवली.

व्यापाऱ्यांना ठाऊक असते की बाजारातील प्रत्येक चौरस फुटाला भाडे असते. जेथे एखादा गाळा किंवा माल विकणारा ठेला मांडता आला असता तेथे शिल्प ठेवावयाचे, म्हणजे उघड उघड उत्पन्न सोडावयाचे. शिवाय ज्या कृतींची किंमत मोठी, त्या हजारो लोकांच्या वर्दळीत ठेवण्याची जोखीम वेगळीच. नॅशर यांनी ती पत्करली. संग्रहालयाची पायरी कधी न चढलेली माणसे कापडचोपड घ्यावयास येत आणि जाता जाता हेन्री मूर किंवा जोनाथन बोरोफ्स्की यांच्या दर्जाच्या शिल्पकारांच्या कृतींसमोर थबकत. शाळकरी मुले कारंज्यापाशी खेळत आणि शिल्पे पाहत मोठी होत. कलेमुळे गिऱ्हाईक कमी झाले नाही. उलट त्या संकुलाची एक वेगळीच प्रतिष्ठा निर्माण झाली आणि आसपास नवनवी संकुले उभी राहिली तरी ते पुढील अनेक दशके आघाडीवर राहिले. १९९० च्या दशकात त्याची सूत्रे कन्या नॅन्सी व जावई डेव्हिड हेमिसेगर यांच्याकडे आली. २००६ साली मोठा विस्तार झाला, तेव्हाही मार्क डी सुव्हेरो या शिल्पकाराचे पोलादी तुळयांचे उत्तुंग शिल्प तेथे मध्यभागी उभारण्यात आले. वडिलांनी घालून दिलेला पायंडा पुढच्या पिढीने मोडला नाही.

संग्रहाची घडण

नॅशर पतिपत्नींनी आरंभी मेक्सिकोच्या प्रवासात तेथील प्राचीन मूर्ती व भांडी घेतली. तो छंद हळूहळू वाढत गेला. १९६७ साली पॅट्सी यांनी पतीच्या वाढदिवसानिमित्त झां आर्प या शिल्पकाराची एक कांस्यकृती भेट दिली. फुटणाऱ्या कळ्यांसारखे उंचवटे असलेला तो एक मानवी धड सुचविणारा आकार आहे. त्या भेटीने संग्रहाची दिशा ठरून गेली. त्यानंतर या दांपत्याने आधुनिक शिल्पकलेवर लक्ष केंद्रित केले. हेन्री मूर व बार्बरा हेपवर्थ या इंग्रज शिल्पकारांच्या कृती आल्या. पुढे रोदँ, मातिस, पिकासो, ब्रांकुसी, जियाकोमेत्ती, मिरो अशी एकाहून एक मोठी नावे संग्रहात दाखल झाली.

या संग्रहामागे पॅट्सी यांचा वाटा फार मोठा होता. शिल्पकारांविषयी वाचन करणे, कृती कोठे आहेत याचा शोध ठेवणे, हे काम त्या निष्ठेने करीत. चित्रांच्या मागे सारे श्रीमंत लागलेले असताना शिल्पांकडे त्या मानाने कमी संग्राहक वळत, कारण शिल्प ठेवावयास जागा लागते, हलवावयास यंत्रे लागतात आणि भिंतीवर टांगून मोकळे होता येत नाही. ज्या मालाकडे इतरांचे लक्ष नाही, परंतु ज्याचा कस उत्तम आहे, तो ओळखणे हे खऱ्या पारखी माणसाचे लक्षण. नॅशर दांपत्याने ते दाखविले. त्यांचे राहते घर व त्याभोवतालची बाग कालांतराने शिल्पांनी भरून गेली.

१९८७ साली या संग्रहाचे पहिले मोठे प्रदर्शन डॅलसच्या कला संग्रहालयात भरले आणि नंतर ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात गेले. ‘आधुनिक शिल्पाचे एक शतक’ अशा अर्थाचे नाव त्यास दिले होते. पुढे ते माद्रिद, फ्लॉरेन्स व तेल अवीव या शहरांतही दाखविण्यात आले. जगभरच्या जाणकारांना तोवर फारशी कल्पना नव्हती की, टेक्सासमधील एका व्यापाऱ्याच्या घरी रोदँपासून समकालीन शिल्पकारांपर्यंतचा सलग इतिहास जमा झाला आहे. परंतु या कीर्तीचा आनंद उपभोगावयास पॅट्सी फार काळ राहिल्या नाहीत. १९८८ साली त्यांचे निधन झाले. संग्रहाचे पुढे काय करावे, हा प्रश्न त्यानंतर नॅशर यांच्यापुढे अधिक गंभीरपणे उभा राहिला.

मागण्या अनेक, निर्णय एक

या संग्रहावर अनेक मोठ्या संस्थांचा डोळा होता. वॉशिंग्टनचे राष्ट्रीय कलादालन, न्यूयॉर्कचे गुगेनहाइम संग्रहालय, सॅन फ्रान्सिस्कोची संग्रहालये, लंडनचे टेट आणि खुद्द डॅलसचे कला संग्रहालय, अशी ही नावे होती. गुगेनहाइम संस्थेशी नॅशर यांचे संबंध विशेष जवळचे होते. तिच्या व्हेनिस येथील संग्रहालयातील बागेस १९९५ साली नॅशर दांपत्याचे नाव देण्यात आले. १९९६-९७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथे या संग्रहाची पुन्हा मोठी प्रदर्शने झाली. प्रत्येक ठिकाणी स्वागत होत होते आणि प्रत्येक यजमानाच्या मनात आशा होती.

नॅशर यांनी घाई केली नाही. पत्नीच्या निधनानंतर जवळजवळ नऊ वर्षे त्यांनी विचार केला. या काळात टीकाही झाली असेल, दडपणही आले असेल. परंतु दान देण्यापूर्वी दानाची जागा, पद्धत व भवितव्य यांचा विचार करणे हा दात्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही आहे. मोठ्या संस्थेत दिलेली वस्तू सुरक्षित राहते हे खरे. पण तेथील भांडारात आधीच इतके असते की, दिलेल्यापैकी थोडेच लोकांच्या नजरेस पडते. वॉशिंग्टन किंवा लंडनच्या वैभवात आणखी एका संग्रहाने विशेष भर पडली नसती. डॅलसमध्ये मात्र त्याने शहराचे रूप पालटणार होते. ज्या शहरात व्यवसाय वाढला, ज्या शहरातील गिऱ्हाइकांच्या पैशावर हा संग्रह उभा राहिला, त्याच शहरास तो परत देणे न्याय्य होते. १९९७ साली त्यांनी जाहीर केले की संग्रह डॅलसमध्येच राहील, आणि त्यासाठी लागणारी वास्तू व उद्यान नॅशर यांचा न्यासच उभारील.

उद्यानाची उभारणी

जागा निवडली गेली ती शहराच्या मध्यवर्ती कला विभागात, डॅलस कला संग्रहालयाच्या शेजारी. २.४ एकरांचा हा भूखंड तोवर मोटारी उभ्या करण्याची जागा म्हणून वापरला जात होता. वास्तुविशारद म्हणून इटलीचे रेन्झो पियानो यांची निवड झाली. ह्यूस्टनचे मेनिल संग्रहालय आणि स्वित्झर्लंडमधील बाझल जवळील बायलर संग्रहालय या त्यांच्या दोन वास्तूंत नैसर्गिक प्रकाशाचा उपयोग अतिशय कौशल्याने केलेला होता. उद्यानाची आखणी अमेरिकेचे पीटर वॉकर यांनी केली. सुमारे सात कोटी डॉलरचा खर्च नॅशर यांच्या न्यासाने उचलला.

पियानो यांची कल्पना अशी होती की, आधुनिक शहराच्या पोटात जणू एखाद्या प्राचीन नगराचे अवशेष सापडावेत. इटलीतून आणलेल्या ट्रॅव्हर्टाईन दगडाच्या समांतर भिंती त्यांनी उभ्या केल्या आणि त्यांच्या मधील दालनांवर काचेचे छप्पर घातले. भिंतींची दोन्ही टोके काचेची असल्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्यास दालनांमधून थेट मागची बाग दिसते. आत येण्यापूर्वीच शिल्पांचे दर्शन घडते आणि संग्रहालयाचा धाक वाटत नाही.

छपराची युक्ती मात्र विशेष समजून घेण्यासारखी आहे. काचेचे छप्पर घातले तर टेक्सासचा प्रखर सूर्य आतील कलाकृतींना अपाय करणार, आणि अपारदर्शक छप्पर घातले तर आकाश हरवणार. यावर उपाय म्हणून काचेच्या वर ॲल्युमिनियमच्या ओतीव जाळीचे आच्छादन घालण्यात आले. त्या जाळीतील प्रत्येक छिद्राचा आकार डॅलसच्या अक्षांशावरील सूर्याच्या वर्षभराच्या भ्रमणाचा हिशोब करून ठरविला होता. छिद्रांची तोंडे उत्तरेकडे वळलेली. सूर्याचे थेट किरण अडावेत आणि उत्तरेच्या आकाशाचा मऊ, सम प्रकाश तेवढा खाली उतरावा, अशी ही योजना होती. त्यामुळे दिवसाच्या बहुतेक वेळी दालनांत स्वच्छ नैसर्गिक उजेड मिळतो.

सुमारे दीड एकराची बाग रस्त्याच्या पातळीपासून हळूहळू खाली उतरत जाते. शेजारूनच द्रुतगती मार्ग जात असूनही खाली उतरल्यावर शहराचा कोलाहल मागे पडतो. ओक, एल्म, मॅग्नोलिया, बांबू, विलो अशा वृक्षांच्या रांगा, हिरवळ, दगडी बाके व पाण्याची कुंडे यांनी बागेचे भाग पाडले आहेत. शिल्पे कायमची एका जागी रुतून बसू नयेत, वेळोवेळी मांडणी बदलता यावी, हा विचारही आखणीत ठेवलेला होता. २० ऑक्टोबर २००३ रोजी हे केंद्र जनतेसाठी खुले झाले. तेव्हा नॅशर यांचे वय ८१ वर्षांचे होते.

उद्यानातील शिल्पे

संग्रहात तीनशेहून अधिक कृती आहेत. आतल्या दालनांत नाजूक प्लास्टर व लाकडाच्या कृती, आणि बाहेर कांस्य, दगड व पोलाद अशी साधारण विभागणी आहे. रोदँ यांची लाजेने मान खाली घालून स्वतःला हातांनी झाकून घेणारी ‘ईव्ह’, हेन्री मूर यांची पाठीच्या मणक्यांची आठवण करून देणारी तीन भागांतील कांस्यकृती, मिरो यांचा चंद्रकोरीसारख्या शिंगांचा पक्षी, अशी शिल्पे येथे पाहावयास मिळतात. जॉर्ज सीगल यांनी कचेरी सुटल्यावर खांदे पाडून घरी निघालेल्या माणसांचा समूह घडविला आहे. त्या चेहऱ्यांवरचा शीण कोणत्याही शहरातील माणसास ओळखीचा वाटेल. पोलंडच्या मॅग्डालेना अबाकानोविच यांनी शिरे नसलेल्या मानवाकृतींची कांस्य-गर्दी उभी केली. युद्ध व हुकूमशाही अनुभवलेल्या देशाची वेदना तीत आहे. मार्क डी सुव्हेरो यांचे पोलादी तुळयांचे शिल्प झाडांच्या वर डोके काढते. रिचर्ड सेरा यांनी पोलादाच्या दोन प्रचंड वक्र भिंती समोरासमोर उभ्या केल्या आहेत आणि त्यांच्या मधल्या वाटेने चालताना भिंती अंगावर कलत असल्याचा भास होतो.

शिल्प ही चारी बाजूंनी पाहण्याची वस्तू आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात दिसणारा आकार दुपारी बदलतो, पाऊस पडल्यावर कांस्याचा रंग निराळा दिसतो, पानगळीच्या दिवसांत सावल्या लांबतात. हे सारे बंद दालनात अनुभवता येत नाही. बागेतील शिल्प पाहावयास विद्वत्ता लागत नाही. वेळ व शांत मन पुरे होते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी विनामूल्य प्रवेशाची प्रथा केंद्राने ठेवली आणि मुलाबाळांसह येणाऱ्या कुटुंबांनी बाग गजबजू लागली.

बागेच्या उत्तर टोकाला जेम्स टरेल या कलावंताने नॅशर यांच्या सांगण्यावरून एक लहानसा कक्ष उभारला होता. आत चौफेर बसण्याची जागा आणि छपरात चौकोनी उघडा झरोका, एवढेच. त्या झरोक्यातून फक्त आकाशाचा तुकडा दिसे. संध्याकाळी त्याचा रंग निळ्यातून जांभळ्यात व काळ्यात उतरताना लोक मौन धरून बसत. आकाशाखेरीज दुसरे काहीही दिसू नये, हीच त्या कृतीची एकमेव अट होती.

शेजारचा मनोरा

रेमंड नॅशर यांचे निधन १६ मार्च २००७ रोजी झाले. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या उद्यानावर एक अनपेक्षित संकट आले. उद्यानामुळे व आसपासच्या नाट्यगृह-संगीतगृहांमुळे या भागातील जमिनीस मोल आले होते. शेजारच्या द्रुतगती मार्गावर छत टाकून त्यावर २०१२ साली सार्वजनिक बाग करण्यात आली. याच सुमारास उद्यानाच्या उत्तरेस ४२ मजल्यांची निवासी इमारत उभी राहिली. तिचे नावच ‘म्युझियम टॉवर’, म्हणजे संग्रहालयाचा शेजार हेच तिचे मुख्य आकर्षण. तिच्या दर्शनी भागावर चकचकीत, प्रकाश परावर्तित करणारी काच बसविली गेली.

२०११ च्या सुमारास या काचेचा परिणाम जाणवू लागला. दक्षिणेकडील सूर्याचे किरण त्या इमारतीवर आदळून परत फिरत आणि उत्तरेकडून उद्यानावर व छपरावर पडत. पियानो यांच्या जाळीने दक्षिणेचा सूर्य अडविला होता आणि उत्तरेची बाजू विश्वासाने उघडी ठेवली होती. आता उत्तरेकडूनच जणू दुसरा सूर्य उगवला. दालनांच्या भिंतींवर प्रकाशाचे कवडसे पडू लागले, बागेतील हिरवळ व झाडे होरपळू लागली. टरेल यांच्या कक्षाच्या झरोक्यातून आकाशासोबत इमारतीचे टोकही दिसू लागले. आपली कृती नष्ट झाली, असे कलावंताने मानले आणि तो कक्ष बंद करावा लागला.

या वादात एक बाजू सर्वस्वी दुष्ट व दुसरी सर्वस्वी निर्दोष, असे म्हणता येत नाही. इमारतीत पैसा गुंतला होता तो डॅलसच्या पोलीस व अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा. आयुष्यभर शहराचे रक्षण केलेल्या माणसांच्या म्हातारपणाची तरतूद त्यात होती. सुमारे २० कोटी डॉलरचा प्रकल्प तोट्यात जाऊ देणे त्या निधीच्या विश्वस्तांनाही परवडणारे नव्हते. काचेवर बाहेरून पडदे बसवावेत, असे उद्यानाचे म्हणणे. संग्रहालयाने आपले छप्परच बदलावे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. महापौरांनी २०१२ साली मध्यस्थ नेमला. चर्चा लांबत गेली. दोन्ही बाजूंना पटेल असा तोडगा सहजी निघाला नाही. दोन्हीकडे विश्वस्तच होते आणि दोघेही आपापल्या ठेवीचेच रक्षण करीत होते, ही या प्रकरणातील खरी खंत आहे. एकाच भागातील दोन संस्थांनी आराखडा कागदावर असतानाच एकत्र बसून बोलणी केली असती, तर काही पैशांत निभावले असते. इमारत उभी राहिल्यावर मात्र प्रत्येक उपाय महाग ठरला.

नंतरची वाटचाल

या संकटाने केंद्राचे काम मात्र थांबले नाही. २०१३ साली दहाव्या वर्धापनाच्या निमित्ताने शहराच्या निरनिराळ्या वस्त्यांत दहा शिल्पकृती उभारण्याचा उपक्रम झाला. उद्यानात न येणाऱ्या माणसांच्या दारापर्यंत शिल्पकला नेण्याचा तो प्रयत्न होता. शिल्पकलेत मोलाची भर घालणाऱ्या हयात कलावंतास एक लाख डॉलरचा नॅशर पुरस्कार देण्याची योजना सुरू झाली आणि २०१६ साली कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या त्याच्या पहिल्या मानकरी ठरल्या. ज्या ड्यूक विद्यापीठात नॅशर शिकले, तेथेही त्यांच्या देणगीतून २००५ साली कला संग्रहालय उभे राहिले. शिक्षणाचे ऋण, शहराचे ऋण व पत्नीच्या रसिकतेचे ऋण, अशी तिन्ही ऋणे त्यांनी हयातीत फेडली.

या इतिहासाचे सार

नॅशर यांच्या चरित्रातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, व्यापार व सौंदर्यदृष्टी यांत वैर नाही. बाजारपेठेत ठेवलेल्या शिल्पांनी धंदा बुडविला नाही, त्याची पत वाढविली. दुसरी ही की, दान हे हयातीत, स्वतःच्या देखरेखीखाली करावे. मृत्युपत्रात लिहून ठेवलेल्या इच्छेचा अर्थ पुढे दहा जण दहा प्रकारे लावतात. नॅशर यांनी मात्र भिंतीचा दगड व छपराची जाळी स्वतः पाहिली आणि उद्यानात लोक हिंडताना डोळ्यांनी पाहिले. तिसरी ही की, नुसती वस्तू देऊन भागत नाही. ती ठेवावयास वास्तू, वास्तूस जागा आणि जागेस सांभाळणारी माणसे लागतात. या साऱ्यांची तरतूद केली तरच दान पूर्ण होते.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मोलाची आहे. संस्था उभारणाऱ्या पिढीचे काम जेथे संपते तेथे सांभाळणाऱ्या पिढीचे काम सुरू होते, आणि ते अधिक कठीण असते. दात्याने सूर्याच्या गतीचा हिशोब केला होता, शेजाऱ्याच्या भिंतीचा हिशोब त्याच्या हाती नव्हता. तो हिशोब ठेवणे हे मागे राहिलेल्या विश्वस्तांचे काम. संस्थेच्या आवाराबाहेर काय घडते आहे, शेजारी काय बांधले जात आहे, नगरपालिकेचे कोणते नियम बदलत आहेत, याकडे जागरूकपणे पाहणे व वेळीच संवाद साधणे ही कोणत्याही न्यासाची जबाबदारी आहे. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हे मनाशी धरावे. दात्यांची नावे दगडावर कोरलेली असतात, परंतु त्यांचे दान जिवंत राहते ते सांभाळणाऱ्यांच्या दक्षतेवर.